चाच्यांच्या दरबारातला संभाजी

आळंदीत देहूफाट्याजवळ बहिणीचं घर आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे गेलो, तेव्हा भाचा टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा तिसरा भाग, 'अ‍ॅट वर्ल्ड्स एंड' चालू होता. जगभरचे नऊ चाचे-सरदार एकत्र जमलेले, माणसाच्या देहात कोंडलेली समुद्रदेवता कॅलिप्सो, ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनीचा कावेबाज लॉर्ड बेकेट, आणि जो तो दुसऱ्याचा सौदा करायला टपलेला. पोराची पापणी लवत नव्हती.

तेवढ्यात पागोटं घातलेला एक दाढीवाला सरदार आला. भाच्याने चित्र थांबवलं.

"मामा, याला श्री संभाजी का म्हणतात?"

2007 सालच्या या सिनेमात तो हिंदी महासागराचा चाचा-सरदार आहे. त्याच्या वतीने दोन सेवक बोलतात आणि तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा बारीक, किनरा आवाज निघतो. हसण्यासाठीच केलंय ते. मला मात्र लागलं. कारण या नावामागे आंग्र्यांचं घराणं उभं आहे. कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने 1735 साली मुंबईसाठी खजिना घेऊन येणारं 'डर्बी' हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज पकडलं होतं.

चाचा हा शिक्का इंग्रजांचा. कान्होजी हे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. कोकणच्या समुद्रातून जायचं तर त्यांचं दस्तक घ्या, नाहीतर जहाज जप्त, असा त्यांचा रोकडा हिशेब. पोर्तुगीजही त्यांच्या समुद्रात परवाने विकतच होते की! 1712 साली कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नराचं सशस्त्र जहाज धरलं. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

"आणि राजकारण?" भाच्याने विचारलं. सिनेमातली फितुरी त्याला फार आवडली होती.

मग मी त्याला खेडची लढाई सांगितली. ऑक्टोबर 1707. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहूराजे एकीकडे, ताराराणींची फौज दुसरीकडे, मध्ये भीमा. ताराराणींचे सेनापती धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंना मिळाले आणि लढाईचा निकाल तिथेच लागला. त्यांचं मन वळवणारे बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. कान्होजी तेव्हा ताराराणींच्या बाजूचे. 1713 साली त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं. शाहूंनी कान्होजींवर बाळाजींना धाडलं, ते लढाईच्या तयारीने. पण तलवार न उपसता लोणावळ्याजवळ तह करून त्यांनी कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणलं. या घडीचं मला फार अप्रूप वाटतं. दोघेही कोकणचे, दोघांनाही समुद्राची किंमत ठाऊक. पुढे 1756 साली पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळू दिलं, हे सांगताना मात्र माझा आवाज उतरला.

भाच्याचं लक्ष अजून भीमेवरच होतं.

"खेड म्हणजे आपलं खेड? चाकणच्या पुढचं?"

"आपलंच. आळंदी त्याच तालुक्यात येते."

त्याने टीव्ही बंद केला आणि चपला शोधायला लागला. खेडची एसटी किती वाजता सुटते, ते त्याला आत्ताच्या आत्ता विचारून यायचं होतं.