डिझेल की पेट्रोल

शेतकऱ्याला डिझेलचा वास परका नाही. आमच्या विहिरीवर वीज यायच्या आधी पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. हँडल मारून सुरू करायचं, अन् एकदा का ठकठक सुरू झाली की गावाच्या शिवेवरून ऐकू यायची. मग ट्रॅक्टर आला, तोही डिझेलवर. कॅनमध्ये डिझेल, गोठ्याच्या कोपऱ्यात डिझेल, अंगावरच्या बंडीला डिझेलचे डाग. म्हणून गावात कोणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की पारावरची माणसं आधी एकच सांगतात, "घ्यायचीच असंन त डिझेल घे बापा. दमाची रायते."

हे सांगणारी माणसं वेडी नाहीत. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तापून लाल व्हावी, अन् त्यात तेलाचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिनाचा सांगाडाच जाड करावा लागतो. कमी फेऱ्यांत जास्त ओढतं, अन् लिटरमागं चालतंही जास्त. शिवाय एक काळ असा होता की भावाचाच फरक मोठा होता. 2012 साली पेट्रोल अन् डिझेलच्या भावात लिटरमागं तीस रुपयांच्या आसपास अंतर पडलं होतं, कारण डिझेलला सरकारचा टेकू होता. जानेवारी 2013 पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं वाढत गेलं अन् ऑक्टोबर 2014 मध्ये टेकू पूर्ण निघाला. पारावरचा सल्ला मात्र तिथंच राहिला.

आम्हाला गाडीची गरज पडली ती हौसेनं नाही. घरच्या मंडळीच्या दोन्ही किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी अन् शुक्रवारी, सेवाग्रामच्या दवाखान्यात डायलिसिस. देवळी तालुक्यातल्या आमच्या गावापासून एकीकडून 34 किलोमीटर. सकाळची पाळी, म्हणजे पाचला घर सोडायचं. चार तास मशीनवर गेल्यावर माणूस पिळलेल्या कपड्यासारखा होतो. त्याला घेऊन एसटीच्या स्टँडवर कसं बसावं? एसटीचा संप 2021 च्या दिवाळीपासून पुढं एप्रिलपर्यंत चालला, तेव्हाच किरायाच्या गाडीची सवय लागली. एका खेपेचे 1,200 रुपये. वर्षाच्या 104 खेपा, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात. कापसाचे एवढे पैसे किरायात गेल्यावर हाती काय उरते, हे कास्तकाराला सांगायची गरज नाही.

2023 च्या दिवाळीनंतर दोन गाड्या नजरेत आल्या. एक 2016 ची डिझायर, डिझेल, 1 लाख 38 हजार किलोमीटर फिरलेली, भाव 3 लाख 40 हजार. दुसरी 2015 ची वॅगन-आर, पेट्रोल, 52 हजार फिरलेली, भाव 2 लाख 60 हजार. साळेबुवा डिझेलच्या बाजूनं. म्हणाले, "भाऊजी, आपल्या रस्त्याले डिझेलच पायजे. दोन पैसे जास्त गेले त चालते." पोरगा पुण्याला नोकरीत. त्यानं फोनवर सांगितलं, "बाबा, आधी वर्षाचे किलोमीटर लिहून काढा. बाकीचं मग."

मी खताच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका खेपेचे जाऊन-येऊन 68 किलोमीटर, वर्षाचे सात हजारांच्या वर. नागपूरच्या फेऱ्या, लग्न-मौती धरून दहा हजार. तेव्हा पेट्रोल 106 अन् डिझेल 93 च्या आसपास होतं. पेट्रोल गाडी लिटरला 17 चालली तर वर्षाला 62 हजारांचं पेट्रोल. डिझेल गाडी 20 चालली तर साडेसेहेचाळीस हजारांचं डिझेल. वर्षाला सोळा हजारांची बचत. पण विकत घेताना डिझेलला ऐंशी हजार जास्त मोजायचे. ऐंशीला सोळानं भागलं तर उत्तर येते पाच. म्हणजे डिझेल परवडायला पाच वर्षं लागणार, अन् तेही मधात इंजेक्टर नाही तर टर्बो गेला नाही तर. मिस्त्रीनं इंजेक्टरच्या संचाचा जो आकडा सांगितला, त्यात माझ्या एका हंगामाचं खत आलं असतं.

त्या पाचच्या आकड्यावर माझा पेन थांबला. गणित बरोबर होतं. पण पाच वर्षं म्हणजे काय, हे वहीत लिहिता येत नव्हतं. ही गाडी कोणासाठी घेतो आहोत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डायलिसिसच्या खाटांवर ओळखीचे झालेले दोन चेहरे त्या वर्षात दिसायचे बंद झाले होते. पेट्रोल घ्यावं तर मनात येई, आपण पाच वर्षांची आशाच धरली नाही की काय. डिझेल घ्यावं तर वाटे, आशेपायी ऐंशी हजार मातीत घालतो आहोत. हे मी कोणाजवळ बोललो नाही.

तिनं मात्र वही पाहिली. सातवी शिकलेली आहे, भागाकार तिलाही कळतो. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पाच वर्साचा हिशेब आज कायले करता? मंगळवारी पहाटं पाच वाजता जे पह्यल्या चावीत सुरू होईन, ते गाडी घ्या. अन् मले चढता आली पायजे."

यानंतर आमचं पाहणंच बदललं. बैल घेताना आपण नुसते दात पाहत नाही, त्याला गाडीला जुंपून चालवून पाहतो. तसंच केलं. दोन्ही मालकांना सांगितलं, सकाळी आम्ही यायच्या आधी इंजिन तापवू नका. डिझायर थंडीत जरा कुथली, मागून काळा धूर आला. काळा धूर म्हणजे तेल पुरतं जळत नाही. निळा असता तर इंजिन ऑइल जळतं असं समजायचं. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून फुसफुस वारा येत होता. वॅगन-आर पहिल्या चावीत सुरू झाली. क्लचच्या पायट्याचं रबर पाहिलं, झिजलेलं नव्हतं, म्हणजे 52 हजारांचा आकडा खरा असावा. बसायची जागा उंच, त्यामुळं पाय वाकवून खाली उतरावं लागत नाही. दुखणाईत माणसाला ही गोष्ट मायलेजपेक्षा मोठी.

कागदही पाहिले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पुढं वाढवावी लागते. बँकेचा बोजा उतरला की नाही, हे आरसी बुकावर पाहायचं. अन् पहिली नोंदणी कुठली, हे जरूर विचारायचं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली तेव्हापासून तिकडच्या गाड्या दुसऱ्या राज्यांत स्वस्तात येतात. गाडी वाईटच असते असं नाही, पण स्वस्त का आहे हे माहीत असावं.

आम्ही वॅगन-आर घेतली. पेट्रोलचीही आपली कुरबुर आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळते. इथेनॉलमधी ताकद कमी, म्हणून जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं घटते, अन् रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावं लागते. ते इथेनॉल उसाचं अन् मक्याचं, म्हणजे कोण्या कास्तकाराच्याच घरचं, असं म्हणून मी टाकी भरतो.

डिझायर भाच्यानं घेतली, भाव पाडून. तो आठवड्यातून चारदा नागपूरला जातो, वर्षाला तीस हजार किलोमीटर सहज फिरतो. इंजेक्टर दुरुस्त करूनही त्याचे जास्तीचे पैसे दोन वर्षांत निघतील. त्याच्यासाठी तीच बरोबर. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाडीला धुराड्यात काजळीची गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी लांब अन् वेगात पळावी लागते. गावातल्या गावात फिरवणाऱ्यानं ती घेऊ नये. म्हणून कोणी विचारलं तर मी डिझेल की पेट्रोल हे सांगत नाही. विचारतो, वर्षाला किती चालंन, अन् कोणाले घेऊन?

आमच्या गाडीत एक वही ठेवली आहे. पेट्रोल टाकलं की तारीख, लिटर अन् किलोमीटर ती स्वतः लिहिते. अक्षर आताशा हलते. मागच्या शुक्रवारी वहीचं शेवटचं पान भरलं, तर वर्धेला गाडी थांबवायला लावून तिनं नवी घेतली. दुकानदार शंभर पानी देत होता. ती म्हणाली, "दोनशे पानी द्या."