वारंग्याची खिचडी आणि दगडांचा बाजा

यवतमाळ ते हदगाव हा रस्ता अस्मादिकांनी झोपेत उरकला, तेव्हा त्याचं वर्णन इथे मिळणार नाही. जायचं होतं नांदेडला, शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ फेब्रुवारीत होणाऱ्या ‘संगीत शंकर दरबार’ला. मैफली रंगल्या, एवढं सांगून पुरे. लिहिण्याजोगं घडलं ते नांदेड यायच्या आधीच.

वारंगा फाट्यावर माणसं उतरतात ती खिचडीसाठी. अस्मादिकांच्या लेखी खिचडी म्हणजे तापातून उठलेल्याचा आहार. इथली मात्र चांगली झणझणीत निघाली, वर पापड, शेजारी तळलेली मिरची. दुसरी प्लेट मागवताना तत्त्व वगैरे आठवलं नाही.

समोरच्या बाकावर लग्नाची सुपारी वाजवून आलेली बँड पार्टी बसली होती. त्यातल्या पिकल्या मिशांच्या क्लॅरोनेटवाल्याने विचारलं, “काय ऐकायलाव, साहेब?”

अस्मादिकांनी इअरफोन त्यांच्या हातात दिला.

ऐकत होते सिगुर रोस. 1994 साली रेक्याविकमध्ये सुरू झालेला हा आइसलंडचा बँड. त्याचा गायक योन्सी गिटारवर चेलोचा गज फिरवतो. 2002 च्या रेक्याविक कला महोत्सवात त्यांनी ओडिन देवाच्या डोमकावळ्यावरच्या जुन्या काव्याची रचना वाद्यवृंदासह सादर केली. संगीतकार हिल्मार अर्न हिल्मारसन सोबत होते. तिचं ध्वनिमुद्रण बाहेर यायला मात्र 2020 उजाडलं! त्यात पारंपरिक ‘रीमुर’ गाणारे स्टेइन्दोर अँडरसन आहेत, आपल्याकडच्या शाहिरासारखा खडा आवाज.

“ह्यो माणूस क्लासला गेलेला दिसत न्हाई,” क्लॅरोनेटवाले म्हणाले. “पण सुराला पक्का हाय.”

अँडरसन मासेमारीच्या बोटीवरचे, हे कळल्यावर ते नुसते ‘बघा’ म्हणाले. समीक्षकांनी या रचनेवर बरंच लिहिलं असेल. अस्मादिकांना हे मत पुरेसं वाटलं.

“आन् मधीच टणटण कशाची?”

“दगडांची.” पॉल गुडमुंडसन या शिल्पकाराने सुरात बोलणारे दगड निवडून ते वाद्य केलं आहे.

साईड ड्रमवाला पोरगा खिचडीतून मान वर काढत म्हणाला, “दगडच वाजवायचे तर हिंगोली जिल्ह्यात काय कमी हायेत?”

सगळा बाक हसला. मग अस्मादिकांना ज्ञान पाजळायची हुक्की आली. 2006 च्या उन्हाळ्यात हाच बँड आइसलंडच्या लहान लहान गावांत फुकट वाजवत फिरला, जूपाविकच्या बंद पडलेल्या हेरिंग माशांच्या कारखान्यातसुद्धा. त्यावर ‘हेइमा’ नावाचा माहितीपट आला, आणि त्यात एका गाण्यात चक्क ब्रास बँड वाजतो.

ब्रास बँडचं कुणालाच काही वाटलं नाही.

“फुकट?” आतापर्यंत गप्प बसलेले बँड पार्टीचे मालक वळले. “आन् डिझेल?”

त्यांनी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब मांडला: टेम्पोचं भाडं, माणसांचं जेवण, कोटांची धुलाई. शेवटी म्हणाले, “भेटले तर सांगा त्या पोरायला, निदान जाण्यायेण्याचं तरी घेत जा म्हणावं.”