मोडीत जाणारी समई

घरातल्या चित्रांचा, मूर्तींचा, जुन्या वस्तूंचा विमा काढू नये, असं मी अनेक वर्षं सांगत आलो, आणि मनापासून सांगत आलो. आज माझं मत बदललं आहे. माझं ऐकून ज्यांनी तेव्हा हा विचार सोडून दिला, त्यांच्यापैकी काही जण हे वाचतील. म्हणून मत का बदललं ते सविस्तर सांगतो.

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, जालन्यात शिक्षकाची नोकरी करता करता घरातला संग्रह जमवला. आठवडी बाजार, मोडवाल्यांची दुकानं, पाडायला निघालेले वाडे, जिथून मिळेल तिथून. रविवर्मा छापखान्याची चित्रं आहेत. त्यातल्या एका लक्ष्मीच्या साडीवर कुणा बाईनं खरी जर आणि टिकल्या शिवल्या आहेत. पितळी समया, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, एक जुनी पैठणी आणि दासबोधाची हस्तलिखित पोथी. बाजाराच्या हिशेबात हा संग्रह फार मोठा नाही. आमच्या घराच्या हिशेबात तोच सगळ्यात मोठा आहे.

विम्याला माझा विरोध होता तो मुख्यतः एका गोष्टीवरून. ती लक्ष्मी जळाली तर कंपनी पैसे देईल. पण ती जर शिवणारी बाई कुठून आणायची? ज्याची दुसरी प्रत मिळणारच नाही त्याची भरपाई कसली, असं मी विचारायचो. याला जोडून एक जगप्रसिद्ध दाखलाही द्यायचो. १९६२ मध्ये मोनालिसा अमेरिकेला न्यायची ठरली, तेव्हा विम्यासाठी तिचं मूल्य दहा कोटी डॉलर धरलं गेलं. शेवटी विमा काढलाच नाही. हप्त्यापेक्षा बंदोबस्तावर खर्च केलेला बरा असं ठरलं. मग आपणही हप्ता भरण्यापेक्षा चांगलं कुलूप घ्यावं, हा माझा सल्ला असे. आणखी एक भीती होती, ती बोलून दाखवत नव्हतो: घरात काय आहे ते कागदावर लिहून परक्या माणसाच्या हाती द्यायचं म्हणजे घराचं दार अर्धं उघडं ठेवणं.

या मताला पहिला धक्का ऑगस्ट २०२२ मध्ये बसला. आमच्याच जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथून, घनसावंगी तालुक्यातल्या समर्थ रामदासांच्या जन्मगावातून, राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. जिल्हा सुन्न झाला होता. ज्यांनी कधी जांबची वारी केली नव्हती, तेही बातम्या शोधत होते. साधारण दोन महिन्यांनी मूर्ती पोलिसांच्या हाती लागल्या. त्या दोन महिन्यांत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. त्या मूर्ती हजारो लोकांच्या डोळ्यांत बसलेल्या होत्या, त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले होते. कुठेही सापडल्या असत्या तरी या जांबच्या, हे सांगणारे लोक होते. आमच्या घरातली समई उद्या कुठल्या दुकानात दिसली, तर ती आमची हे मी कशावरून सांगणार? माझ्याकडे तिचा एक धड फोटोसुद्धा नव्हता. उंची किती, वजन किती, पायाला कुठे डाग दिला आहे, कशाचीच नोंद नव्हती.

चोरी तरी क्वचित होते. आमच्याकडच्या जुन्या वस्तू जातात त्या वाटणीत आणि मोडीत. जुन्या जालन्यात एक वाडा पाडला गेला, तेव्हा तिथल्या समया, घंगाळं आणि हंडे मोडवाल्यानं ताणकाट्यावर टाकून किलोच्या भावानं नेले. घरची माणसं चांगली होती, शिकलेली होती. कुणी काही लपवलं नाही की फसवलं नाही. त्या समयांबद्दल सांगणारे आजोबा गेले होते आणि त्यांच्या डोक्यातलं कुठेही लिहिलेलं नव्हतं, एवढंच. उरलं ते नुसतं पितळ.

ते पाहिल्यावर मी विम्याचे कागद पहिल्यांदा नीट वाचायला घेतले. पैशाचा भाग मी वेगानं वाचला. थांबलो ते कंपनी जे मागते त्यावर: प्रत्येक वस्तूचं वर्णन, मापं, फोटो, ती कुठून आली त्याचा पुरावा आणि जाणकाराकडून मूल्यांकन. अण्णांना जे मी कधी विचारलं नाही, ते सगळं हा कागद मला विचारत होता.

मोनालिसाच्या दाखल्यातली गफलत मला तेव्हा कळली. तिच्यामागे फ्रान्सचं सरकार आहे, आणि ती जगाला तोंडपाठ आहे. ती जिथे असते त्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून १९ ऑक्टोबर २०२५ रोजी सुमारे ८.८ कोटी युरोंचे राजघराण्याचे दागिने भरदिवसा चोरीला गेले. त्यांचाही खासगी विमा नव्हता. पण त्यातल्या प्रत्येक दागिन्याची तपशीलवार नोंद होती, आणि काही तासांत त्यांचे फोटो जगभर पोचले. जालन्यातल्या कादराबादच्या गल्लीतल्या घरामागे सरकार उभं नसतं आणि जगाचे डोळेही नसतात. ते डोळे आपणच तयार करून ठेवावे लागतात.

नोंदीनं वस्तूचं काय होतं हे खरं तर आमच्या जिल्ह्यानं फार आधी दाखवलं आहे. भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं आणि एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे. म्हणून अभ्यासक आजही भोकरदनचं नाव घेतात. तीच मूर्ती एखाद्या शेतात सापडून बिननोंदीची हातोहात फिरली असती, तर ती ‘जुनी हस्तिदंती बाहुली’ म्हणून कुणाच्या तरी कपाटात पडून राहिली असती आणि भोकरदनचा पाँपेईशी काही संबंध कुणी जोडलाच नसता.

आता विम्याबद्दल, कारण इथे लोकांची फसगत होते. घराचा विमा आहे म्हणजे भिंतीवरच्या चित्राचाही झाला, असं नसतं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देतात. तिच्यात घर आणि साधं घरसामान येतं. दागिने, चांदी, चित्रं, कलावस्तू यांच्यासाठी वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं, आणि ते आधी ठरवलेल्या किमतीवर मिळतं. हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं आहे. टीव्ही जुना झाला की त्याची किंमत उतरते, समईचं तसं नसतं. नुकसान झाल्यावर किमतीचा वाद घालायचा तर पुरावाच जळून गेलेला असतो. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. या मूळ पॉलिसीत आग, पूर, भूकंप अशा घटनेतून सात दिवसांच्या आत झालेली चोरी येते. एरवी रात्री कुलूप तोडून झालेली घरफोडी येत नाही. तिच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. जोडीच्या वस्तूंचंही विचारून घ्यावं. दोन समयांतली एक गेली तर भरपाई बहुधा त्या एकीचीच मिळते, मागे राहिलेल्या समईची किंमत उतरली तरी.

आणि मराठवाड्यात ज्यांनी खरोखर संग्रह संपवले, त्या वाळवी, कसर, उंदीर आणि माळवदातून झिरपणाऱ्या ओलीनं झालेल्या नुकसानाची भरपाई कुठलीही कंपनी सहसा देत नाही. हळूहळू होणारी झीज विम्याच्या बाहेर असते. तेव्हा पावसाळ्यापूर्वी फ्रेमा उतरवून मागून पाहणं, पैठणीची घडी बदलणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, हे आपल्याच हातांनी करायचं आहे. अण्णा ते करायचे. मीही करतो.

कायद्याचंही सांगायला हवं. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ चा, तो १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा वस्तू घरात असतील तर त्यांची सरकारी नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसकट नोंद करावी लागते, आणि त्या देशाबाहेर विकता येत नाहीत. घरोघरच्या कितीतरी मूर्तींची अशी नोंद झालेली नाही, ती बहुधा धाकानं. सरकार उचलून नेईल, असं लोकांना वाटतं. नोंदणीनं मालकी जात नाही. उलट, वस्तू आपली आहे याचं त्याहून भक्कम प्रमाणपत्र दुसरं मिळत नाही, आणि विमा कंपनीही तेच मागते.

मला ओळखणारे म्हणतील, मग त्या जर शिवणाऱ्या बाईचं काय? तिची किंमत झाली का? नाही झाली. मूल्यांकनाच्या कागदावर लक्ष्मीसमोर एक रक्कम आहे, आणि ती रक्कम मला आजही थिटी वाटते. पण त्याच कागदावर वर्णनाच्या रकान्यात ‘साडीवर हाताने शिवलेली जर, डाव्या खांद्यावर नऊ टिकल्या, दोन गळालेल्या’ असं लिहिलं आहे. त्या बाईच्या हातांबद्दल कुणी लिहिलेलं हे पहिलं वाक्य आहे. माझ्यानंतर माझी मुलगी ते वाचेल. ती चित्र ठेवो की कुणाला देवो, रद्दीत घालणार नाही.

एका वस्तूबाबत मात्र मी जुन्याच मतावर आहे. दासबोधाची पोथी मी विम्याच्या यादीत घातलेली नाही. पोथी वाचली जावी, ताडून पाहिली जावी, यासाठी लिहिलेली असते. आमच्या कपाटात ती नुसती सुरक्षित आहे. धुळ्याला शंकरराव देवांनी मठामठांतून रामदासी बाडं गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आज अभ्यासकांना पाहता येतात. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभारलेला संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. पोथी धुळ्याला द्यावी असं माझ्या मनात आहे. धाकट्या भावाचं म्हणणं, अण्णांची पोथी घरातच राहावी. तिच्यावर त्याचाही माझ्याइतकाच हक्क आहे. तो दिवाळीला येईल तेव्हा बोलू. तोवर पानापानाचे फोटो काढून झाले आहेत, आणि एक प्रत त्याच्याकडे पाठवली आहे.