वन्संचा मोतिया

चि. सईस,

आत्याच्या साठीला फुलांच्या वासाचा एखादा भारीतला स्प्रे घ्यावा, असं तुझ्या मनात आहे. घेऊ नकोस. वन्संच्या कपाटात तसले दोन-चार पडून आहेत, सगळे कुणी ना कुणी प्रेमाने दिलेले. त्या लावतात ते एकच, मोतिया. मोगऱ्याचं अत्तर.

आंघोळ झाली की त्या कुपीचं काचेचं बूच काढतात, बुचाला लागलेला थेंब मनगटावर टेकवतात आणि उरलेला कानामागे. पहिली काही मिनिटं कुणी त्याला मोगरा म्हणणार नाही. हिरवट, जरासा उग्र, औषधी वळणाचा वास असतो तो. मग अंगाची ऊब लागते आणि मोगरा भरभरून वर येतो. जेवणवेळेपर्यंत तो विरत जातो, खाली चंदन उरतं. वन्संच्या मते अत्तराची परीक्षा त्या वेळी करावी, दुकानात नव्हे.

त्यांना स्वतःला मात्र तो वास सलग येत नाही. नाक कुठल्याही वासाला लवकर सरावतं. अंबाडा सारखा करायला हात वर गेला, की मनगटावरचा मोगरा त्यांना एकदम जाणवतो आणि बोलता बोलता त्या क्षणभर थांबतात. तूही पाहिलं असशील.

आता ते चंदन. मोतिया येतो गंगेकाठच्या कनौजहून. तिथे तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि खाली लाकडं-शेण्यांचा जाळ लावतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात उतरते. भपका म्हणजे पाण्याच्या हौदात ठेवलेलं लांब मानेचं तांब्याचं भांडं. त्यात चंदनाचं तेल आधीच भरलेलं असतं. जाळ किती हवा हे कारागीर भपक्याला हात लावून ठरवतो. दुसऱ्या दिवशी भपक्यातलं पाणी निथळून काढायचं, डेगेत ताजी फुलं घालायची, तेल मात्र तेच ठेवायचं. असं कित्येक दिवस चालतं, तेव्हा कुठे चंदनात मोगरा मुरतो. हल्ली चंदनाचं तेल इतकं महागलंय की पुष्कळ जण त्याऐवजी लिक्विड पॅराफिन वापरतात. त्या अत्तराला दुपार नसते. मोगरा उडाला की मागे नुसता तेलकटपणा राहतो.

स्प्रेबद्दल वन्संचा आक्षेप वेगळाच आहे, आणि जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईचा आहे म्हणून सांगते. मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं. सुटं, दाट हुंगलं तर नाक मुरडावं असं, विष्ठेतही असतंच ते. फुलात ते अगदी थोडं असतं, पण संध्याकाळी उमललेल्या गजऱ्याचा जो जडपणा आपल्याला ओढून घेतो, त्यात त्याचा मोठा वाटा असतो. ‘फ्रेश’ म्हणवणाऱ्या बऱ्याच स्प्रेंमध्ये नेमकं तेच कमी केलेलं असतं. वन्सं म्हणतात, हा धुऊन वाळत घातलेला मोगरा.

कृत्रिम वासाचा त्यांना राग आहे असं मात्र समजू नकोस. एदमों रुदनित्स्का या फ्रेंच अत्तरकाराबद्दल त्या भरभरून बोलतात. लिली ऑफ द व्हॅली या फुलातून वापरण्याजोगं तेल निघत नाही. म्हणून त्याने ती झाडं स्वतःच्या बागेत लावली, वास घेत राहिला आणि इतर द्रव्यं जुळवून 1956 साली ‘डिओरिसिमो’ उभं केलं. जे फूल आपला वास देतच नाही, त्याच्यासाठी एवढी खटपट योग्यच, असं त्यांचं मत. मोगरा तर हात न राखता देतो! मग त्याची नक्कल कशाला? मला हे पटतं. हळदीकुंकवाला हाताच्या मागच्या बाजूला लावलेलं अत्तर रात्री भांडी आवरतानाही दरवळायचं, ते मी विसरलेले नाही.

तेव्हा मोहम्मद अली रोडला जा. चंदनाच्या तेलावरचा मोतिया हवा, असं स्पष्ट सांग. मनगटावर लावून घे आणि लगेच पैसे देऊ नकोस. बाहेर भटक, जेव, दोन-तीन तासांनी हुंगून बघ. चंदन लागलं तरच परत जाऊन कुपी घे, लहानशीच. आणि तुझ्या नव्या पैठणीला तो हात लावू नकोस, रेशमावर तेलाचा डाग पडतो. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी काही दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी गेलीस तर बरं.

तुझी,
आई