झिजलं ते रबर

गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना खालून येणाऱ्या आवाजावरून बरंच कळतं. कुरकुर आली तर रबर वाळलंय. खडखड आली तर कुठेतरी फट पडून लोखंड लोखंडावर आपटतंय. आणि मागचा भाग एकदा दबून गप्प बसण्याऐवजी नंतरही वरखाली डुचमळत राहिला, तर शॉकअ‍ॅब्झॉर्बर संपले. गणपतीनंतर आमच्या ओम्नीत हे तिन्ही एकदम सुरू झालं.

गणपतीनंतर, याला कारण आहे. मंडळाच्या सतरंज्या, समया, मोठी पातेली, नाटकाचं सामान, सगळं दरवर्षी आमच्याच गाडीतून जातं. त्यात मागे सीएनजीची टाकी. साठ लिटरची पोलादी टाकी रिकामी असतानाच एखाद्या सडसडीत माणसाएवढी भरते, आणि हा प्रवासी कधीच उतरत नाही. मागच्या पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, हा भार चोवीस तास. वर दिल्लीच्या मयूर विहारातले आमचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे चाक त्यावर चढतं आणि उतरतं. आमच्या कॉलनीतले गतिरोधक हातभर रुंदीचे आहेत. त्यांवर चाक चढत नाही, आदळतं. कोणी बांधले हे विचारलं तर कॉलनीवाले पालिकेकडे बोट दाखवतात आणि पालिका कॉलनीकडे.

जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी जॅकवरसुद्धा घेतली नाही. मागचा बंपर हाताने दोनदा दाबला आणि निकाल दिला, "अंकलजी, पूरा सेट बदलवा लो. शॉकर, कमानी, बुश, सब." पाटे बदलायचे म्हणजे गाडीच्या किमतीच्या मानाने मोठा खर्च. मुळात पाटे का बदलायचे, हे त्याला सांगता येईना. न तुटलेला, न बसलेला पाटा काढून नवा घालायचा सल्ला मला पटत नाही. दिल्लीत हा सल्ला फार सहज मिळतो, कारण दुकानदाराला लोखंड विकण्यात पैसा आहे. रबराचं बुश विकून काय मिळणार?

म्हणून काम घरीच करायचं ठरलं. मदतीला भाचा. तो इथे इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडेच राहतो. पुस्तकात त्याने डँपिंगची समीकरणं सोडवली आहेत, शॉकअ‍ॅब्झॉर्बर मात्र हातात घेतला नव्हता.

आधी तपासणी. गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंची चाकापासून मडगार्डपर्यंतची उंची मोजली. दोन्हीकडे जवळपास सारखी, म्हणजे कुठल्या एका बाजूचा पाटा बसलेला नाही. टॉर्च घेऊन एकेक पान बघितलं, कुठे चीर नाही. शॉकअ‍ॅब्झॉर्बरच्या अंगावर मात्र तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर. आतलं तेल गळून गेलं की दांडा रिकाम्या नळीतच वरखाली होतो. मग टॉमी घेऊन शॅकलमध्ये हळूच रेटा दिला. शॅकल म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला टांगून ठेवणारी जोडपट्टी. पाटा दबला की लांब होतो, आणि त्या लांबीला हलायला जागा ही पट्टी देते. ती दोन्हीकडे डुगडुगत होती, म्हणजे तिच्या पिनेभोवतीचे रबरी बुश गेलेले. आवाजाचा उगम सापडला.

"मामा, म्हणजे पाटे ठीक आहेत?"

"पाटे तुझ्या लग्नापर्यंत चालतील."

सामान आणायला शनिवारी कश्मीरी गेटला गेलो, कारण रविवारी तो बाजार बंद असतो. मंडी हाउसला मेट्रो बदलली की थेट जाता येतं. गाडी नेऊन तिथे पार्किंग शोधण्यापेक्षा हे बरं. मारुतीच्या जुन्या गाड्यांचं काहीही तिथे मिळतं, आणि त्यात आश्चर्य नाही. ही व्हॅन 1984 मध्ये इथेच शेजारी गुडगावच्या कारखान्यात बनायला लागली, 2019 पर्यंत बनत राहिली. शाळेच्या मुलांपासून दुधाच्या क्रेटपर्यंत सगळं तिने वाहिलं. हिंदी सिनेमाने तिला अपहरणाची गाडी करून टाकलं ते वेगळंच. दुकानात एकाच भागाचे तीन भाव सांगतात: कंपनीचा, चांगल्या ब्रँडचा आणि 'चालू'. शॉकअ‍ॅब्झॉर्बर गॅब्रिएलचे घेतले. 1961 साली सुरू झालेल्या या कंपनीचा पहिला कारखाना मुलुंडला होता, आता चाकणला मोठा आहे. दिल्लीत बसून आपल्याकडचा माल घेतल्याचं जरा बरं वाटलं, हे कबूल. बुश मात्र नखाने दाबून, वाकवून, वास घेऊन निवडले. हलक्या मालात रबरापेक्षा भुकटीच जास्त असते आणि वाकवला की कडेला पांढरी रेघ उमटते.

रविवारी सकाळी पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, गाडी गिअरमध्ये टाकली. चाकांचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅकने मागची बाजू उचलून चासीखाली दोन स्टँड लावले, काढलेली चाकं आडवी करून गाडीखाली सरकवली. स्टँड निसटलाच तर गाडी चाकांवर अडकेल, माणसावर येणार नाही. टपरीवर गाडी नुसत्या जॅकवर टांगून खाली झोपलेले मिस्त्री आपण रोज बघतो. ती हिंमत नाही, तो वेडेपणा आहे.

शॉकअ‍ॅब्झॉर्बर निघायला वेळ लागला नाही. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. नवा बसवण्याआधी उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा, म्हणजे आत अडकलेली हवा वर निघते. भाच्याने जुना आणि नवा दोन्ही दाबून पाहिले. जुना हलका आत गेला, नव्याला शरीराचं वजन टाकावं लागलं. समीकरणातला डँपिंगचा गुणांक त्याला बहुधा तेव्हा समजला.

खरा कस शॅकलला लागला. गाडी चासीवर टेकलेली आणि अ‍ॅक्सल खाली लोंबत असताना सगळा ताण शॅकलच्या पिनेवर येतो, ती हातोड्याने हलत नाही. यावर उपाय म्हणजे दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली लावून थोडं थोडं उचलत जायचं. एका नेमक्या उंचीवर पाटा ना वर ओढतो ना खाली, आणि तीच पीन बोटांनी सुटते. ही उंची शोधण्यातच आमची अर्धी सकाळ गेली. वरच्या मजल्यावरचे सरदारजी चहाचा कप घेऊन खाली आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री नू बुला लो जी." मग स्वतःच बाह्या सरसावून जॅकच्या दांडीवर बसले.

बुश बाहेर आले तेव्हा सगळा उलगडा झाला. आवळकाठीसारखे कडक आणि सुरकुतलेले, एकाचा तर अर्धा भाग गायबच. पाट्याच्या टोकाचं कडं मात्र गोल शाबूत, पिनेवर नुसती चमक. दिल्लीत रबर लवकर मरतं. मे-जूनचं पंचेचाळीस अंशांचं ऊन त्याला वाळवतं. उन्हाळ्याच्या दुपारी गाड्यांच्या धुरातून तयार होणारा ओझोन ताणलेल्या रबराला तडे पाडतो. तड्यांत बारीक वाळू शिरते आणि आतून घासत राहते. मुंबईत गाडी गंजते, इथे तडकते.

नवे बुश दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे घुसवायचे असतात. साबणाचं पाणी लावलं की सरकतात. ग्रीस लावू नये, खनिज तेलाने साधं रबर फुगतं. नट तिथे आधी फक्त हाताने फिरवले. चाकं लावली, गाडी खाली उतरवली, मागे बसून तिला दोनचार हिसके दिले आणि मग पान्याने आवळले. हे गॅरेजमध्ये फारच थोडे करतात. गाडी टांगलेली असतानाच आवळलं तर बुश त्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग बुशला नावं ठेवायची.

पुढच्या बाजूलाही हलकीशी खडखड होती. पुढचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्झॉर्बरची एकत्र जोडणी, मात्र मी घरी उघडत नाही. त्यातली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. वरचा नट स्प्रिंग दाबणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय सोडला तर ती सुटून माणसाचा जबडा मोडू शकते. स्ट्रट अख्खा काढून कॉम्प्रेसर असलेल्या दुकानात नेला, तिथे वरचं माउंट बदलून घेतलं आणि नंतर अलाइनमेंट केली.

मागचा आवाज पूर्ण गेला. मागच्या कामाचा खर्च शॉकअ‍ॅब्झॉर्बरचा झाला तेवढाच, बुशांचे पैसे मोजण्याइतकेही नव्हते. पाटे गाडीबरोबर आलेले, 2013 चेच आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये लावलेला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उचलून धरलेला नियम पाहिला तर पेट्रोलची गाडी इथे पंधरा वर्षंच चालवता येणार होती, म्हणजे ही 2028 पर्यंत. 2025 मध्ये तो प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला. इंजिनाच्या धुराची चाचणी कडक करा, माझी ना नाही. पण तारखेवरून गाडी भंगारात काढणं आणि आवाजावरून पाटे बदलायला सांगणं, दोन्हींत न बघता दिलेला निकाल आहे.

तुमच्या गॅरेजवाल्याने पूर्ण सस्पेन्शन बदलायला सांगितलं तर आधी गाडी उचलायला लावा आणि नेमकं काय झिजलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि घरी करणार असाल तर पहिले पैसे स्टँडवर खर्च करा.