उस्तादाविना

बेसिक ही संगणकभाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू माध्यमाच्या एका मुलीपर्यंत ती जवळजवळ चाळीस वर्षांनी पोहोचली, तीही कुणी न शिकवता.

साल २००३. मी सातवीत होते. भाईजाननं लग्नपत्रिका जुळवायला जुना संगणक घेतला होता. दुपारी तो प्रेसवर गेला की मशीन माझं. त्यात डॉसबरोबर येणारं क्यूबेसिकही होतं. सायबर कॅफेत मुलींनी जायचं नाही, हा न लिहिलेला नियम होता. एफ-वन दाबलं की मदतीची पानं उघडत, सगळी इंग्रजीत. अब्बांच्या जुन्या लुगतमध्ये एकेक शब्द शोधायचा आणि वहीत उतरवायचा. 'इफ, देन, एल्स' म्हणजे आपलं 'अगर, तो, वर्ना', हे कळलं तेव्हा अर्धी भाषा ओळखीची वाटली.

सोबत 'निबल्स' हा सापाचा खेळ होता. त्याचा सगळा प्रोग्राम उघडून वाचता येई. एखादा आकडा बदलायचा, खेळ पुन्हा चालवायचा आणि काय फरक पडला ते बघायचं. अम्मी विचारायची, "दिनभर क्या टकटक करती गे?" मी सतराचा पाढा पडद्यावर काढून दाखवला. "ये तो तेरेकू मुंहजबानी आता," ती म्हणाली. खरंच होतं ते. मग मी तिच्या भिशीचा हिशेब मांडून दिला. त्यानंतर दुपारी मला कुणी हाक मारली की तीच म्हणायची, "काम कर रई, रहने दो."

दहावीनंतर विज्ञानाचं कॉलेज लांब होतं. मी जवळच्या कॉलेजातून बी.ए. झाले, मग बी.एड. आज भूगोल शिकवते आणि संगणकाचे तासही घेते. पुढे सेमूर पेपर्ट यांच्याविषयी वाचलं. १९६७ साली मुलांसाठी लोगो भाषा घडवणाऱ्यांपैकी ते एक. चूक म्हणजे शोधून दुरुस्त करायची गोष्ट, असं ते मानत. वर्गात उत्तर चुकलं की आमच्या मुली गप्प होतात. मशीन फक्त ओळ दाखवतं. मुलगी कुणाची, माध्यम कोणतं, हे विचारत नाही.

जलशांत अल-ख्वारिज्मीचं नाव अभिमानानं घेतात. 'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या त्या गणितज्ञाच्या नावावरून आला, हे खरं. पण नुसत्या अभिमानानं एकाही मुलीच्या हाती संगणक येत नाही.

नववीतली माझी एक विद्यार्थिनी प्रोग्राम घरी वहीत लिहिते. घरात फोन एकच, तो भावाकडे. शनिवारी शाळेत येऊन ती टाइप करते. आता फोनच प्रोग्राम लिहून देतो, मग ही मेहनत कशाला, असं मला विचारतात. त्यानं लिहिलेलं बरोबर की चूक, हे ओळखणारं कुणीतरी लागेलच. ते आमच्या मुलींनी का असू नये?

पुढच्या वर्षी तिची दहावी. कॉलेज अजूनही लांबच आहे. निकाल लागायच्या आधी मला तिच्या अब्बांना भेटायचंय. जाताना तिची वही सोबत नेणार आहे.