‘मला आई लागते’

परवाचीच गोष्ट. रात्रीचं जेवणखाण आवरून मी चौथीच्या मुलांच्या वह्या घेऊन बसले होते. इथे सिरोंच्याला मी रोज तीन तास शाळेत शिकवते. नदी ओलांडली की तेलंगण, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरात तेलुगूच बोलतात. मराठी त्यांना शाळेतच भेटते.

त्या दिवशी ‘लागणे’ शिकवलं होतं. तेलुगूत मार बसला की ‘तगिलिंदि’ म्हणतात, म्हणून ठेच लागणं त्यांना लगेच कळलं. पण एकाने विचारलं, “बाई, मग भूक का लागते? ती कोणाला मारते?” मला हसूच आलं.

मैत्रिणींनो, दिवसभरात हे एक क्रियापद आपण किती वापरतो, पाहा बरं! तहान लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, वरण खारट लागतं, दूध तळाला लागतं. पहाटे उठावं लागतं, हे तर आपल्या पाचवीलाच पुजलेलं. माझी धाकटी बहीण पुण्यात फ्रेंच शिकते. ती सांगते, तिकडे ‘करणे’ याच क्रियापदाने हवाही सांगतात. थंडी ‘आहे’ नाही, थंडी ‘करते’. म्हणजे असं हरकामी क्रियापद एकट्या मराठीतच नाही.

वर्गात मी नात्याचंही उदाहरण दिलं होतं, ‘ती माझी मावशी लागते.’ त्यामुळे एका मुलीच्या वहीत ‘मला आई लागते’ हे वाक्य दिसताच मी लाल शाईने फुली मारली. खाली लिहिलं, ‘आई लागत नाही, आई असते.’ आणि वही मिटली.

इतक्यात आतून आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांनी भोकाड पसरलं. हे थोपटून थोपटून दमले आणि म्हणाले, “अगं, तूच ये बाई. याला झोपताना आई लागते.”

मी जागच्या जागी थबकले. त्या मुलीचे आईवडील मिरची तोडायला नदीपलीकडे गेलेत. इथली पुष्कळ माणसं हंगामात जातात. पोर आजीपाशी असते. तिने नातं लिहिलंच नव्हतं. तिने गरज लिहिली होती, आणि अगदी शुद्ध मराठीत!

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर मी माझी फुली खोडून बरोबरची खूण केली.

“काल चूक होतं ना, बाई?”

“चूक माझी होती गं. तुझं वाक्य बरोबर आहे.”

तिने वही छातीशी धरली. “तोडा संपला की आई येणार,” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. संध्याकाळी तपासताना पाहिलं, तर त्याच वाक्याखाली नवं वाक्य होतं: ‘आई यायला वेळ लागतो.’

त्यात सुधारण्यासारखं काहीच नव्हतं.